१९६९ ची फूट आणि मतांचा हिशेब

पुणे, रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

"पुरोगामी विरुद्ध प्रस्थापित, एवढंच ना ते काँग्रेसचं १९६९ चं प्रकरण?" असं तू विचारलंस. एवढंच नव्हतं रे. धोरणावरचं भांडण जवळपास मिटलं होतं. पक्ष फुटला तो उमेदवारावरून, आणि जिंकलं कोण, हे ठरलं कुठल्या मंडळात कुणाची डोकी जास्त यावर.

सुरुवात १९६७ पासून धर. लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ वर उतरली. सिंडिकेटचे, म्हणजे पक्षसंघटना हातात ठेवणाऱ्या ज्येष्ठ नेत्यांच्या गटाचे, मोहरेच पडले: कामराज विरुधुनगरला, अतुल्य घोष बांकुऱ्याला, आणि आपले स. का. पाटील मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून. मतदारांनी घरी बसवलेली ही माणसं संघटनेत मात्र घट्ट होती. उमेदवाऱ्या आणि निधी त्यांच्याच हातात. चंद्रशेखर, मोहन धारिया, कृष्णकांत या तरुण तुर्कांच्या, म्हणजे पक्षातल्या डाव्या वळणाच्या तरुण नेत्यांच्या, हातात काय, तर ठराव. मे महिन्यात कार्यकारिणीने दहा कलमी कार्यक्रम घेतला. जूनमध्ये महासमितीत (पक्षाचं शेकडो सदस्यांचं मोठं मंडळ) धारियांनी दुरुस्ती मांडून माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांवरच हात घातला, आणि सभागृह बरंचसं रिकामं असताना ती मंजूर झाली. बैठकीच्या शेवटपर्यंत बसून राहणाऱ्यांनी पक्षाचं धोरण बदललं!

आता जुलै १९६९, बंगळूर. इंदिराबाईंनी बँकांविषयीचं टिपण पाठवलं आणि यशवंतराव चव्हाणांनी सगळ्यांना चालेल असा ठराव बांधून दिला. तो एकमताने झाला. म्हणजे 'विचारधारेचा लढा' तिथेच संपायला हवा होता. पण झाकिर हुसेन मे महिन्यात गेले होते आणि राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरायचा होता. संसदीय मंडळात, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या छोट्या वरच्या समितीत, ४ विरुद्ध २ ने सिंडिकेटचे संजीव रेड्डी ठरले. त्या चारांत यशवंतरावही होते. फूट पडल्यावर मात्र ते इंदिराबाईंकडे राहिले. आणि ज्यांना आपण सरसकट 'प्रस्थापित' म्हणतो त्या कामराजांनी मद्रासमध्ये शाळेतल्या पोरांना दुपारचं जेवण सुरू केलं होतं. या पाट्या एवढ्या सहज चिकटत नाहीत.

मंडळात हरल्यावर इंदिराबाईंनी मैदानच बदललं. १६ जुलैला मोरारजींचं अर्थखातं काढलं, १९ ला वटहुकूम: ५० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारजमा. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच. बंगळूरचा ठराव त्यांनी आठवड्याभरात असा वापरला की विरोध करणारा आपोआप सावकारांचा माणूस ठरावा.

मग मतदान, १६ ऑगस्टला. ही निवडणूक गुप्त, पक्षादेश लागूच होत नाही. एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६, आपल्या आमदाराचं १४६ (लोकसंख्या भागिले २७० जागा, भागिले हजार). पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली, कारण या दोन पक्षांचे उमेदवार चिंतामणराव देशमुख तिसरे येणार हे उघड होतं आणि देशमुखांच्या मतदारांची दुसऱ्या पसंतीची मतं रेड्डींना हवी होती. याच भेटीचं निमित्त करून इंदिराबाईंच्या गोटाने 'आतल्या आवाजा'ने मत द्यायला सांगितलं, म्हणजे अपक्ष उभ्या असलेल्या व्ही. व्ही. गिरींना.

आकडे बघ. पहिल्या फेरीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ४,१८,१६९. बाकीचे उमेदवार बाद होत गेले आणि मतं वळली. रेड्डींना जवळपास ९२ हजार मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे निजलिंगप्पांचा दुसऱ्या पसंतीचा हिशेब बरोबरच होता! गळती पहिल्या पसंतीत झाली, घरातच. फरक १४,६५०, म्हणजे सुमारे पंचवीस खासदारांच्या मतांइतका. तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते तर रेड्डी पुढे असते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती हीच वजाबाकी.

पुढचं भराभर घडलं. १ नोव्हेंबरला कार्यकारिणीच्या एकाच दिवशी दोन गटांच्या दोन वेगळ्या बैठका, १२ ला इंदिराबाईंची हकालपट्टी, आणि त्याच महिन्यात दिल्लीत त्यांच्या बाजूने मागणीपत्राद्वारे बोलावलेल्या महासमितीला ७०५ पैकी ४४६ सदस्य हजर. वरच्या मंडळात हरायचं आणि खालच्या, मोठ्या मंडळात जिंकायचं, हा त्यांचा डाव. त्याची किंमतही पडली: लोकसभेतलं स्वतःचं बहुमत गेलं आणि कम्युनिस्ट, द्रमुक यांच्या आधारावर सरकार चालवावं लागलं. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ ने पडली. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे एक मतसुद्धा पुरं कमी नव्हतं. १९७१ ला ३५२ जागा मिळाल्यावरच ते काम झालं.

चिन्हात तुला जास्त रस असेल. बैलजोडी गोठवली गेली. इंदिराबाईंना गाय-वासरू, निजलिंगप्पांच्या गटाला, म्हणजे संघटना काँग्रेसला, चरखा चालवणारी बाई. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सादिक अली खटल्यात निवडणूक आयोगाची कसोटी मान्य केली: आमदार, खासदार आणि संघटनेतले सदस्य कुणाकडे जास्त ते मोजायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या वादात आयोगाने याच निकालाचा आधार घेतला, पण संघटनेची मोजणी विश्वासार्ह नाही म्हणून बाजूला ठेवली आणि ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार एवढंच पाहिलं. १९६९ मध्ये इंदिराबाईंकडे दोन्ही होतं, हा फरक ध्यानात ठेव. धनुष्यबाणावर लिहायला बसशील तेव्हा आयोगाच्या २०२३ च्या निकालातला हा भाग आधी वाच.

तुझा,
सदा