बारा बंद

पुणे, ३ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत ठणठणीत आहे, वेळेवर जेवतोय, कुणाशी भांडण नाही. आणि आई, मुलगी-बिलगी प्रकरणही नाही, तू लगेच देव्हाऱ्याकडे बघू नकोस. फोनवर सांगायचं चारदा ठरवलं होतं. दर वेळी तुम्ही "पाणी आलंय, मोटर लावायचीय" म्हणून फोन ठेवलात आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. बाबा, हे पत्र आईकडून वाचून घ्या. त्या डाव्या डोळ्याला ताण देऊ नका. डोळ्याचं पुढे आहेच.

तर, मी कंपनी सोडली. ३१ डिसेंबर शेवटचा दिवस होता. आमच्यात तीन महिन्यांची नोटीस असते, म्हणजे दिवाळीत तुमच्यासमोर बसून चिवडा खात होतो तेव्हा राजीनामा देऊन झाला होता. बाबा शेजारच्या अक्कांना "आमचा साहेब आलाय" म्हणत होते आणि मी खाली मान घालून शेंगदाणे वेचत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. पाडव्याला आईनं ओवाळताना नोकरीसाठीच काहीतरी पुटपुटली, मग तर धीरच सुटला.

आता काय करणार, ते सांगतो. इथे संगीत नाटकं करणारी एक मंडळी आहे. त्यांच्या वेशभूषेच्या कामाला लागलोय. कपडे ठरवायचे, कापड आणायचं, शिवून घ्यायचे, प्रयोगाला सांभाळायचे. थोडं नेपथ्याकडेही बघायचं, म्हणजे पडदे, बैठका, लोड-तक्के. महिन्याला २८ हजार देतात. कंपनीत ६२ होते. हा आकडा लपवणार होतो, पण बाबा, तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारणार.

घराचा हप्ता चुकणार नाही. सहा महिन्यांचा बाजूला काढून ठेवलाय, त्याला मी हात लावणार नाही. तुमच्या दोघांची मेडिकल पॉलिसी कंपनीची होती म्हणून ती गेली, पण त्याआधीच वेगळी काढली आहे. कागद ताईकडे आहेत. हो, ताईला माहीत होतं, तिच्यावर चिडू नका, मीच शपथ घातली होती. हिंजवडीचा फ्लॅट सोडून सदाशिव पेठेत एक खोली घेतलीय, भाडं निम्मं, आणि तालमीची जागा चालत दहा मिनिटं. बसचे दोन तास वाचले. डबा एका काकूंकडून येतो. ज्वारीची भाकरी सांगितली तर देतात, आपल्यासारखी पातळ नसते, पण असते. शेंगाचटणी अजून पाव डबा शिल्लक आहे.

खोली बघाल तर आई तू हसशील. एक भिंत ओल धरते म्हणून तिच्यावर आपली मोरांची चादर लावलीय. हो, तीच, लग्नात आलेली, तू ट्रंकेत ठेवून ठेवून जिला डांबरगोळीचा वास लागला होता. सोलापुरी चादरीची खरी गंमत तिच्या पाठीत असते. एका अंगाला लाल जमिनीवर पांढरे मोर, उलटवली की पांढऱ्यावर लाल. घरात असताना कधी लक्षच गेलं नव्हतं, आपल्याला ती फक्त जड लागायची. महिन्याला बाजू बदलतो, खोली नवी झाल्यासारखी वाटते. "भिंतीला कपडे घालतोस आणि स्वतः पडद्याचा शर्ट घालतोस," असं तू म्हणशील. तो छापील शर्ट पडद्याच्याच कापडाचा होता, तेव्हा कबूल केलं नव्हतं. चाटी गल्लीत साडेतीन वार उरलेला तुकडा मिळाला होता.

बाबा, तुमचं काय म्हणणं असेल ते मी इथे बसून ऐकतोय. ३४ वर्षं कटिंग टेबलाशी उभा राहिलो ते तू खुर्चीत बसावास म्हणून. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर भिंतीला पाय लावून झोपायचात, पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा मला दिसायच्या, आणि मी शेजारी बसून इंजिनिअरिंगची गणितं सोडवायचो. त्यामुळे पोरगा फिरून कापडावर आला हे तुम्हाला कसं लागेल, त्याचा विचार सगळ्यात जास्त केला. राजीनाम्याच्या ई-मेलला तीन ओळी लागल्या, या परिच्छेदाला चार दिवस. इथे खुर्ची आहे, बाबा. टेबलही माझ्या उंचीचं करून घेतलंय. शिलाईला दोन कारागीर आहेत, मी उभा असतो तो प्रयोगाच्या वेळी विंगेत.

आणि हे काम मला कशामुळे मिळालं ते ऐका. दोन वर्षं मी शनिवार-रविवारी त्यांच्या तालमींना जात होतो. (तुम्हाला "ओव्हरटाइम" सांगायचो. हेही आजच माफ करून टाका, एकदमच.) खरं तर गाणं ऐकायला जायचो. तुम्ही रात्री काम घरी आणलं की टेपवर बालगंधर्व लावायचात ना, कात्रीचा आवाज आणि त्यात ते पद, ते कानात बसलेलं आहे. गेल्या वर्षी एका ऐतिहासिक नाटकासाठी भाड्यानं बाराबंद्या आणल्या. दिसायला छान, वर सोनेरी काठ लावलेले. रंगीत तालमीत नायकानं तान घेताना हात वर नेला आणि बगलेपासून कमरेपर्यंत टर्र! मी उचलून बघितली तर आत बगलेतला चौकोनी तुकडा, चौबगलाच नव्हता. बाही सरळ अंगाला जोडून टाकलेली. बंदही चारच, बाकीचे नुसते शोभेला टाचलेले.

मी म्हटलं, द्या इकडे. रात्रभर बसलो. प्रत्येक बाहीखाली चौबगला घातला, बारा बंद केले, सहा जोड्या, उलटवून. सेफ्टी पिन अडकवून बंद उलटवायला आईनं शिकवलं तेव्हा मी दुसरीत होतो. चार बंदांना एक रुपया मिळायचा. मार्गशीर्षात घरभर पांढरं कापड पसरलेलं असायचं, मांजरपाट आधी भिजवून वाळवलेला, कारण नंतर आटला तर नंदीध्वजाची उंच काठी धरणाऱ्याच्या छातीवर ताणला जाईल म्हणून तुम्ही एकालाही कोरं कापड कापू द्यायचा नाहीत. मला वाटायचं अख्खं सोलापूर तुमचेच कपडे घालून सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्याला निघालंय. सातही नंदीध्वजांबरोबर पांढरीशुभ्र माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत, आणि मी तुमच्या खांद्यावर बसून कुणाचा बंद सुटलाय ते शोधतोय. सकाळी दिग्दर्शकांनी ती बाराबंदी हातात घेतली, आतून बाहेरून बघितली आणि विचारलं, कुठे शिकलात? मी म्हणालो, घरी. महिन्याभरात त्यांनी कामाचं विचारलं.

हे काम नुसतं मिरवण्याचं आहे असं वाटू देऊ नका. गाणाऱ्या नटाचं माप तुम्ही घेता तसं घेऊन चालत नाही. त्याला भरून श्वास घ्यायला लावायचा आणि तेव्हा टेप लावायची, नाहीतर दुसऱ्या अंकात कपडा त्याचा गळा धरतो. पांढरं कापड दिव्यांखाली डोळ्यांवर येतं, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढायचं. आई, म्हणून मागे विचारलं होतं की चहाचा डाग पक्का कसा बसतो, आणि तू काढायचा उपाय सांगितलास. हिरवं लुगडं लाल दिव्यात काळं दिसतं. खळ जास्त झाली की छातीवरच्या माइकला कापडाची खसखस ऐकू जाते आणि नाट्यपदात कागद चुरगाळल्यासारखं वाटतं. हे सगळं शिकतोय आणि रात्री झोप लागते, बाबा. कंपनीत नव्हती लागत. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुमचीही गेली असती.

आता तुम्ही म्हणाल, अरे, प्रत्यक्ष बालगंधर्व कर्जात बुडाले. बुडाले. त्यांनी नेसलेल्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या, आणि त्या थाटापायी कंपनी मात्र कर्जात गेली, हे मला तुम्हीच सांगितलंय. पण मी नट नाही आणि मालक तर नाहीच. मी हिशेब ठेवणारा माणूस आहे. आल्या आल्या पहिल्यांदा कपाटांची यादी केली. एकच शेला तीनदा विकत घेतलेला निघाला.

आणि पक्की नोकरी म्हणाल तर, आजोबांचीही पक्कीच होती. नाही, हे वाक्य खोडायला हवं होतं. तुम्हाला मिल बंद झाल्याचे ते दिवस आठवावेत म्हणून लिहिलं नाही. राहू दे आता, पेनानं लिहिलंय.

यातली सगळ्यात कडू गोळी शेवटी ठेवली होती. यंदा गड्ड्यात सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायला मी नाही. १४ तारखेला नाशिकला प्रयोग आहे. जन्मल्यापासून पहिल्यांदाच संमती कट्ट्यावर तुमच्या शेजारी नसेन. कॉलेजात ताप असतानाही आलो होतो. आई, माझ्या वाटच्या अक्षता तू टाक, आणि होमाच्या दिवशी बाबांना धुराजवळ उभं राहू देऊ नकोस. तिळाच्या पोळ्या ठेवू नकोस, कडक होतात, अक्कांच्या नातवंडांना दे. बरं, दोन ठेव.

आता डोळ्याचं. बाबा, तुम्ही "गड्डा झाल्यावर बघू" म्हणालात, गेल्या वर्षीही म्हणाला होतात. २२ जानेवारीची तारीख घेतली आहे. मी २१ ला हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री पोचतो, पाच दिवस राहतो. मोतीबिंदू आहे, बाऊ करण्यासारखं काही नाही, त्याच दिवशी घरी सोडतात. पण नंतर थेंब वेळेवर घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. म्हणजे पाण्याचे ड्रमही नाही. चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा तुम्ही पहाटे बादल्या ओढता हे मला अक्कांकडून कळतं, तुमच्याकडून नाही. हौदापासून स्वयंपाकघरापर्यंत पाइप टाकायला प्लंबर रविवारी येईल. त्याला परत पाठवू नका, पैसे दिलेले आहेत. आई, तुझी गुडघ्याची गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही, आणि गुरुवारच्या भजनाला खाली बसायचं नाही. खुर्चीत बसून गायलीस तरी महाराजांना ऐकू जातं.

यंदाच्या बाराबंद्या तुम्ही कापल्यात असं ताई म्हणाली. अकरा. एका डोळ्यानं. खडूची रेघ दोनदा चुकली तेव्हा कात्री ठेवून बाहेर जाऊन बसलात, हेही म्हणाली. मला फोन का नाही केलात?

एक मागणं आहे. कपाटावर, पंचांगांच्या मागे, तुमचा बाराबंदीचा मोठा खाका आहे, खाकी पुठ्ठ्याचा, कडांना चिकटपट्टी लावलेला. तो मला हवाय. नव्या नाटकाला चौदा बाराबंद्या लागणार आहेत आणि मी आठवणीनं काढलेल्या खाक्यात गळ्याचा उतार काही केल्या तुमच्यासारखा बसत नाही, अर्ध्या इंचाचा कुठेतरी घोळ आहे. नाहीच द्यायचा असेल तर नका देऊ, २१ ला येईन तेव्हा तुमच्यासमोर बसून उतरवून घेतो. पण द्यायचा असेल तर घडी घालू नका, गुंडाळी करा, आणि वर चौबगल्याचं माप लिहा. अक्षर मोठं काढा.

तुमचा,
सोन्या

ता.क. आई, फोन कर. बाबा बोलणार नसतील तर नुसता त्यांच्याजवळ धर.