मुदत आठ वर्षांची आणि तीही एकदाच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची मुदत संपत आली की त्यांना मुदतवाढ मिळणार का, ही चर्चा वृत्तपत्रांत सुरू होते आणि बहुतेक वेळा ती व्यक्तीभोवतीच फिरत राहते. त्यांचे दिल्लीशी जुळते का, व्याजदर कमी करायला ते राजी आहेत का, एवढेच विचारले जाते. पदाच्या नियमांकडे कोणी फारसे पाहत नाही. म्हणूनच युरो चलन वापरणाऱ्या देशांची सामाईक मध्यवर्ती बँक असलेल्या फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेचा इतिहास आपल्याकडे नीट वाचला जावा, असे मला वाटते. तेथे अध्यक्षांची मुदत आठ वर्षांची असून त्यांची फेरनेमणूक होऊ शकत नाही, आणि ही तरतूद युरोपीय देशांमधील मास्ट्रिख्ट करारातूनच आलेली असल्यामुळे कोणत्याही एका सरकारला ती परस्पर बदलता येत नाही. १ जून १९९८ रोजी स्थापन झालेल्या या बँकेला आजवर चारच अध्यक्ष लाभले.

गंमत अशी की या नियमाला पहिला धक्का पहिल्याच नेमणुकीच्या वेळी बसला. मे १९९८ मध्ये ब्रुसेल्सला राष्ट्रप्रमुख जमले, तेव्हा नेदरलँड्सचे विम डुइसेनबर्ग यांच्या नावाला जर्मनीसह बहुतेकांचा पाठिंबा होता. फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक मात्र आपल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर जाँ-क्लोद त्रिशे यांच्यासाठी अडून बसले. दुपारच्या जेवणाला सुरू झालेली बोलणी मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. अखेर डुइसेनबर्ग यांनी जाहीर केले की वयाचा विचार करता पूर्ण आठ वर्षे राहण्याची आपली इच्छा नाही आणि हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. या ‘स्वेच्छे’वर किती जणांचा विश्वास बसला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. कराराचे अक्षर पाळले गेले, पण त्याच्या आशयाला मुरड बसली. पुढे २००३ च्या उन्हाळ्यात पायउतार होण्याचे त्यांनी जाहीर केले; पण क्रेदी ल्योने बँकेच्या हिशेबांवरून त्रिशे यांच्यावर पॅरिसमध्ये खटला चालू असल्याने त्यांना ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबावे लागले. जूनमध्ये त्रिशे निर्दोष सुटले आणि १ नोव्हेंबर २००३ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली.

इतक्या राजकीय सौद्यातून आलेला माणूस सौदा घडवणाऱ्यांचे ऐकेल, अशी अपेक्षा कोणी धरली असती. घडले उलटेच. डुइसेनबर्ग यांनी २००१ मध्ये, व्याजदर कमी करा असा चहूकडून तगादा चालू असताना, सगळे कानावर येते पण आपण ते मनावर घेत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. त्रिशे यांच्यावर तर खुद्द फ्रान्सचेच अध्यक्ष निकोला सार्कोझी २००७ मध्ये महाग युरोच्या मुद्द्यावरून जाहीर टीका करू लागले. ज्या देशाने ज्या माणसासाठी एवढा हट्ट धरला, त्याच देशाला तो आपला वाटेनासा व्हावा, यात मुदतीच्या नियमाचा वाटा मोठा आहे. फेरनेमणूक मिळणारच नसेल, तर कोणाला खूश ठेवायचे?

अर्थात स्वायत्तता म्हणजे अचूकता नव्हे. जुलै २००८ मध्ये जागतिक मंदी उंबरठ्यावर असताना त्रिशे यांच्या बँकेने मुख्य व्याजदर ४.२५ टक्क्यांवर नेला, आणि २०११ मध्ये ग्रीस, आयर्लंड व पोर्तुगाल कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेले असताना एप्रिल आणि जुलै अशा दोन वेळा दर वाढवले. माझ्या मते हे दोन्ही निर्णय चुकीचेच होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे ऑगस्ट २०११ मध्ये त्रिशे आणि त्यांचे नियोजित उत्तराधिकारी मारिओ द्रागी यांनी इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांना गोपनीय पत्र पाठवून कोणत्या सुधारणा करायच्या ते सांगितले. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला मध्यवर्ती बँकेने कार्यक्रम आखून द्यावा का, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि तो आजही निकालात निघालेला नाही.

द्रागी नोव्हेंबर २०११ मध्ये आले आणि पहिल्या दोन महिन्यांतच त्यांनी त्या दोन्ही दरवाढी मागे घेतल्या. २६ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये, आपल्या अधिकारकक्षेत राहून युरो टिकवण्यासाठी जे लागेल ते सर्व करू, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या सरकारी रोख्यांच्या खरेदीच्या योजनेला जर्मन मध्यवर्ती बँकेचे येन्स वाइडमन यांनी विरोध केला. पण ती योजना एकदाही वापरावी न लागता इटली आणि स्पेनच्या रोख्यांवरील व्याज उतरत गेले. ज्यांना आणखी काही वर्षे पदावर राहण्याचा शब्द बर्लिनकडून मिळवायचा आहे, अशा अध्यक्षांनी हे पाऊल उचलले असते का, याची मला शंका वाटते. द्रागींनंतरच्या अध्यक्ष क्रिस्तीन लगार्द यांच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, १२ मार्च २०२० रोजी त्यांच्या एका वाक्याने इटलीच्या रोख्यांची घसरण झाली आणि सहाच दिवसांत ७५० अब्ज युरोंची खरेदी योजना जाहीर करून त्यांना ती सावरावी लागली. पुढे महागाई भडकून १० टक्क्यांच्याही वर गेली; त्या काळात, २०२२-२३ मध्ये, त्यांनी सलग दहा वेळा दर वाढवले. त्यांची मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये संपेल, आणि त्यांना मुदतवाढ मिळणार का, हा प्रश्न तेथे कोणालाच पडत नाही.

आता आपल्याकडे पाहू. अनेक देशांची एकच मध्यवर्ती बँक हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना, फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. मूळ व्यवस्था त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालायची होती; पण जानेवारीत ५५ कोटी रुपयांच्या शिलकीवरून वाद पेटला, ही बँक दिल्लीच्या इशाऱ्यावर चालते असे कराचीचे मत झाले आणि व्यवस्था तीन महिने आधीच गुंडाळावी लागली. देशमुखांच्या सचोटीविषयी दुमत असण्याचे कारण नाही; अडचण होती ती त्यांच्या पदाच्या रचनेत.

ती रचना आजही मुळात तशीच आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ८ नुसार गव्हर्नरांची मुदत केंद्र सरकार ठरवील तेवढी, मात्र जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि त्यांची फेरनेमणूक होऊ शकते. त्यामुळे कोणाला एकदम पाच वर्षे मिळतात, कोणाला तीन अधिक दोन, कोणाला तीन अधिक तीन, तर रघुराम राजन यांच्यासारख्यांना तीनच. या कलमात दुरुस्ती करून सहा वर्षांची एकच, फेरनेमणूक नसलेली मुदत ठरवावी, अशी माझी सूचना आहे. तिच्या जोडीला फ्रँकफर्टचा आणखी एक रिवाज घ्यावा: तेथील अध्यक्ष दर तिमाहीला युरोपीय संसदेच्या समितीसमोर जाहीरपणे उत्तरे देतात. आपल्या गव्हर्नरांना संसदेची अर्थविषयक स्थायी समिती बोलावते, पण ती बैठक बंद दाराआड होते. ती वर्षातून दोनदा तरी खुली असावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे