पाळणाघराच्या काकूंना

ती. काकूंना सा. न. वि. वि.

मोबाईलवर आभार मानले की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते, हे तुम्हाला माहीतच आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असा कायदा २०१७ मध्ये झाला. आमच्या पेढीवर आम्ही सहा जण. कायद्यात माझं पोरगं बसत नव्हतं, ते तुमच्या दोन खोल्यांत बसलं.

पहिला आठवडा नुसती रडारड. तुम्ही म्हणालात, "धुतलेली नको, कामावरून आलीस की अंगावरची ओढणी दे." हळदीची पूड बसलेली ती ओढणी उशाशी घेऊन तो दुपारी दोन तास झोपला.

आणि तुमची ती शंभर पानी वही. मंगळवार: 'अर्धी भाकरी वरणात कुस्करून. शी एकदा. मागून हाक मारली, वळला नाही.' बुधवारी तेच. गुरुवारी तुम्ही ताट वाजवून बघितलंत: वळला. हळू हाक मारलीत: नाही.

घरी सगळे म्हणत होते, मुलगे उशिराच बोलतात, बापही तसाच होता. मी तर तुमच्यावरच चिडले, माझ्या पोरात खोट काढता म्हणून. डॉक्टरांनी तपासलं तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेलं. तीन महिने वाट पाहिली, ओसरलं नाही, मग पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. शब्द गोळा करायचं वय ते, आणि शब्द कानात पोचतच नव्हते. आम्हाला कळलं असतं, पण बहुतेक शाळेत गेल्यावर.

त्याच वर्षी तुम्ही महिन्याचे तीनशे वाढवलेत आणि मी बोलून गेले, "मुलंच तर सांभाळायची." अजून खुपतं ते. आठ मुलांना दोन बायका, नववं मूल आलं की तुम्ही सरळ नाही म्हणता. तेव्हा मला तो माज वाटायचा. वीस पोरांत कुणाच्या लक्षात आलं असतं, कोण वळलं नाही ते?

हे सगळं तुम्ही अंगणवाडीत मदतनीस असताना शिकलात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती गोष्ट तुम्ही मला पोळ्या लाटता लाटता सांगितली होती. १९७५ पासून अंगणवाडी सरकारी योजनेत आली, पण ती चालवणाऱ्या बायकांना पगार नाही, मानधन. दोन्हीतला फरक हिशेब लिहिणाऱ्या बाईला कुणी समजावायला नको.

तुमच्या दारात पोरं सोडून एक जण मिरजेला नर्स म्हणून जाते, दोघी कुपवाडच्या एमआयडीसीत. तुम्हाला ताप आला तेव्हा दोन दिवस कुलूप होतं. आठही घरांत कुणी ना कुणी रजा टाकली. आमच्या मालकांना तेव्हा पहिल्यांदा तुमचं नाव कळलं.

आता तो पहिलीत आहे. इतका बडबडतो की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्हाला 'आऊ' म्हणायचा, आता स्पष्ट 'काकू' म्हणतो, तेही गल्लीच्या टोकावरून.

रविवारी येतोय, नवी हळद घेऊन. ती ओढणी तेवढी शोधून ठेवा. त्याला नको, मला हवी आहे.

तुमची,
पेढीवरची