‘इस्लाम’ म्हणजे नुसती शांती नव्हे

महोदय,

ईदेच्या निमित्ताने लिहिलेल्या लेखांत ‘इस्लाम म्हणजे शांती’ हे वाक्य हटकून असते. ते अर्धेच खरे. सीन-लाम-मीम (स-ल-म) या अरबी धातूचा मूळ भाव सुखरूप, अखंड असणे. त्यातून थेट ‘सलाम’ झाला, म्हणजे शांती. पण याच धातूच्या आधी ‘अ’ लागून ‘अस्लमा’ हे क्रियापद होते : स्वतःला स्वाधीन केले. त्याचे भाववाचक नाम ‘इस्लाम’, कर्तृवाचक ‘मुस्लिम’. म्हणून नेमका अर्थ ईश्वराला समर्पण. हिब्रू ‘शालोम’ ही सलामची बहीण, आई नव्हे. ‘मुसलमान’ हे रूप आपल्याकडे फारसीतून आले.

पोर्तुगीजांनी तर मुसलमानांना ‘मोरू’ म्हटले. तो शब्द मॉरितानिया या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन प्रदेशाच्या नावाशी जोडलेला, धर्माशी नव्हे. ‘अस्सलामु अलैकुम’चे मात्र त्यांनी ‘सालामालेक’ केले आणि अर्थ उरला वाजवीपेक्षा जास्त लवून केलेला मुजरा!

नुसत्या ध्वनिसाम्यावर मात्र जाऊ नये. ‘मुर्ग मुसल्लम’मधला मुसल्लम, म्हणजे अख्खा, याच धातूचा, बाजारातली सालममिश्री (एक औषधी कंद) नव्हे. तिचे मूळ कोल्ह्याच्या अरबी नावात, ‘सअलब’मध्ये आहे.

— एक वाचक, फोंडा