दिवा दिवठणीवर, झोत आभाळात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चर्चच्या मनोऱ्यावरची रोषणाई म्हणजे ख्रिस्ताच्या प्रकाशाची साक्ष, असं सांगणारं पत्र कालच्या अंकात वाचलं. लेखकांनी आधाराला मत्तय ५:१५ घेतलं आहे, दिवा मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात. मान्य. पण त्याच ओळीत पुढे तो दिवा घरातल्या सर्वांसाठी असतो असंही लिहिलंय. वटवाघळांचा उल्लेख निदान माझ्या प्रतीत तरी नाही.

मनोरा अरुंद आणि पायथ्याच्या फ्लडलाइटचा झोत ६० अंशांचा. दगडावर पडतो त्याहून जास्त प्रकाश दोन्ही बाजूंनी निसटून सरळ वर जातो. त्यातून एलईडी ६५०० केल्विनचे, पांढरेफटक. त्यांच्यात निळा भाग भरपूर, आणि स्वच्छ हवेतसुद्धा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगीच्या तिप्पट विखुरतो. आभाळ दुधाळ होतं ते त्यामुळे. ज्या पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथल्या माणसाला आकाशगंगा बघायला वेल्ह्याच्या पलीकडे जावं लागतं! रोषणाई हवीच असेल तर २७०० केल्विनचे, पिवळसर, १५ अंशांच्या झोताचे दिवे वरच्या कठड्याखाली तोंड खाली करून लावावेत आणि ११ वाजता टायमरने बंद करावेत. वीजबिलही आटोक्यात राहील.

हे एक वेळ सोडा. परवा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला जे झालं ते सोडवत नाही.

हा विधी अंधार पडल्याशिवाय सुरूच करायचा नसतो. आतले दिवे मालवायचे, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवायचा. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा व ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि चालू सालाचे चार आकडे कोरायचे, धुपाचे पाच खडे खोचायचे आणि त्या अग्नीवर ती पेटवायची. दारापासून वेदीपर्यंत तीनदा थांबत ती आत येते आणि ज्योत हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्यांवर जाते. एका मेणबत्तीचा उजेड मीटरभर अंतरावर जेमतेम १ लक्स (लक्स हे उजेडाचं माप). ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात, त्यामुळे त्या रात्री चंद्र पौर्णिमेचा नाहीतर उतरता असतो, पण तो भर पौर्णिमेलासुद्धा जमिनीवर पाव लक्सच्या आसपासच. मेणबत्तीला तो खपतो. फ्लडलाइट खपत नाही. अंगणातल्या शेगडीत जाळ आहे हे परवा धुरावरून ओळखावं लागलं, आणि आतले दिवे मालवले तरी खिडक्यांच्या रंगीत काचा थेट बाकांवर उतरल्या होत्या.

ज्या कार्यालयाच्या हाती हे दिवे आहेत, तिथून उत्तर मिळालं, 'ते फोटोसेलवर आहेत, अंधार पडला की आपोआप लागतात.' अहो, तीच तर तक्रार आहे! फोटोसेलच्या आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, असतो. तो खाली पाडायला वायरमनला दहा सेकंद लागतात, आणि तारीख तर वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते.

आपला,
एक वाचक, पुणे कॅम्प

ता. क. शुक्रवारी आपण पहिल्या पानावर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' छापल्यात. तो ख्रिस्ताच्या मरणाचा, उपासाचा दिवस. वेदीवरचं कापडसुद्धा त्या दिवशी काढलेलं असतं. शुभेच्छा रविवारी द्यायच्या असतात. रविवारी त्या जागी गाद्यांच्या सेलची जाहिरात होती.