हद्द शाबूत, कळप नाहीसा

महोदय,

२०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याच्या जागतिक उद्दिष्टावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. डिसेंबर २०२२ मध्ये हे माँट्रियलला ठरले. त्याच कॅनडात मी सध्या मुलीकडे मुक्कामाला आहे. लेखातला सगळा हिशेब क्षेत्रफळाचा आहे. वनखात्यात हयात घालवल्यामुळे मला तो अपुरा वाटतो.

इथल्या सूचिपर्णी रानातला कॅरिबू घ्या. रेनडिअर तो हाच. हिवाळ्यात बर्फ उकरून तो शैवाक खातो. आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद, पण इतके सावकाश वाढणारे की जळालेल्या वा तोडलेल्या रानात ते पुन्हा पोटापुरते मिळायला कित्येक दशके जातात. म्हणून त्याला जुनेच रान लागते. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा, तोडला की कोवळा पाला फुटतो, त्यावर मूस (हरणांतलीच एक थोराड जात) आणि इतर हरणे पोसतात, त्यांच्यामुळे लांडगे वाढतात आणि त्यांच्या तोंडी कॅरिबूही सापडतो. त्यात तेल-वायूच्या शोधासाठी झाडे कापून काढलेले सरळसोट पट्टे, वणवा अडवायला आम्ही मोकळ्या ठेवतो त्या जाळरेषांसारखे थेट. लांडग्यांना ते आयते हमरस्ते! अल्बर्टा प्रांतातल्या लिटल स्मोकी या कॅरिबू कळपाचे ९५ टक्के क्षेत्र असे विस्कटल्याची नोंद कॅनडाच्या केंद्र सरकारच्या २०१२ च्या कॅरिबू बचाव आराखड्यातच आहे. तिथे २००५ पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे मारून कळप जगवला गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बरे, राष्ट्रीय उद्यानात तरी? रॉकी पर्वतातले जॅस्पर १९०७ पासून संरक्षित आहे, सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर. तिथे १९२० मध्ये एल्क जातीची हरणे बाहेरून आणून सोडली. त्यांच्यावर लांडगे पोसले, आणि हिवाळ्यात स्कीवाल्यांनी तुडवून घट्ट केलेल्या वाटांनी कॅरिबूंच्या उंचावरच्या बर्फातही पोचू लागले. मॅलीन खोऱ्यातला कळप संपल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. उद्यानाच्या हद्दीचा एकही दगड हलला नव्हता. आता पैदास केंद्रात कॅरिबू वाढवून रानात सोडण्याचा खटाटोप चालू आहे.

त्याच २०१२ च्या आराखड्यात, सूचिपर्णी रानातल्या कॅरिबूंसाठी, एक आकडा आहे: कळपाच्या वावरक्षेत्रापैकी किमान ६५ टक्के रान न विस्कटलेले असावे, तर तो स्वबळावर टिकण्याची शक्यता ६० टक्के. शंभर नव्हे, साठ. हा आकडा उद्यानाची हद्द बघत नाही, कळप जिथे फिरतो ते रान मोजतो. तीस टक्क्यांच्या शेजारी हा हिशेब मांडायला हवा होता.

पुढच्या वेळी संरक्षित वनांचा हिरवा नकाशा छापाल, तेव्हा रस्ते, तोडलेले कूप आणि तेलाचे पट्टेही त्याच नकाशावर दाखवावेत, ही विनंती.

— एक निवृत्त वनक्षेत्रपाल, चंद्रपूर (सध्या मुक्काम एडमंटन)