इंग्लंडची सहल : ‘काय पाहावं’सोबत ‘किती वाजता’ही छापा

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

इंग्लंडची प्रवासवर्णनं मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून नेहमी येतात. त्यांत बिग बेन असतो, स्टोनहेंजचं प्राचीन दगडी वर्तुळ असतं, हिरवी कुरणं आणि मेंढ्या असतात. नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षांसाठी मुलाबाळांसह इथे आलेल्या कुटुंबाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आठ दिवसांच्या पाहुण्याला टूरवाला उठवतो, बसमध्ये बसवतो, वेळेवर जेवायला घालतो. इथे राहणाऱ्याला हे सगळं स्वतःच जमवायचं असतं. त्याची सहल फसते ती बहुधा ठिकाण चुकल्यामुळे नव्हे, वेळ चुकल्यामुळे. म्हणून हे पत्र.

पहिली वेळ शाळेची. इथल्या शाळांना ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारीच्या मध्यावर आणि मेअखेर आठवडाभराची ‘हाफ टर्म’ असते, जुलैच्या शेवटापासून सहा आठवडे उन्हाळी सुटी. याच दिवसांत हॉटेलं सर्वांत महाग असतात. ‘दोन-चार दिवस शाळा बुडवू’ हा आपल्याकडचा सोपा उपाय इथे चालत नाही. दहा शालेय आठवड्यांत मिळून पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार सुरू होतो, आणि तो दर मुलामागे दर पालकाला असतो : २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, त्यानंतर १६०. आई-बाबा आणि दोन मुलं म्हणजे किमान ३२० पौंड. त्यापेक्षा शाळेच्या कॅलेंडरात ‘इनसेट डे’ शोधावा. त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं, मुलांना सुटी असते, आणि तो दर शाळेचा वेगळा असल्याने बाहेर गर्दी नसते. सुट्ट्याही सगळीकडे एकाच आठवड्यात येत नाहीत. लेस्टरशरची ऑक्टोबरची सुटी सहसा इतरांच्या आधी येते.

मग रेल्वे. कुटुंबाने आल्याआल्या घ्यावं ते ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’, वर्षाला ३५ पौंड. एका कार्डावर चार मोठे आणि ५ ते १५ वयाची चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सवलत. समजा मोठ्याचं तिकीट ३० पौंड आणि मुलाचं १५ आहे, तर दोघं मोठे आणि दोन मुलं मिळून ९० पौंड होतात. कार्डावर तेच ५२. एका खेपेतच कार्डाचे पैसे सुटले. अट अशी की सोबत किमान एक मूल हवंच, आणि लंडन व आग्नेय इंग्लंडच्या पट्ट्यात सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळेत ते चालत नाही. कार्डावर दोन मोठ्यांची नावं घालता येतात. ती दोन्ही घालावीत, नाहीतर आई एकटी मुलांना घेऊन निघाली की तिला सवलत नाही. पाच वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, पण त्यांना राखीव जागाही मिळत नाही.

तिकिटांत घोळ होतो तो ‘अ‍ॅडव्हान्स’ आणि ‘ऑफ-पीक’मध्ये. अ‍ॅडव्हान्स स्वस्त, पण फक्त त्याच गाडीचं. घरातून निघायला उशीर झाला आणि गाडी सुटली की तिकीट रद्दी. ऑफ-पीक थोडं महाग, पण गर्दीची वेळ टाळून कुठलीही गाडी चालते. लहान मुलं बरोबर असतील तर जाताना अ‍ॅडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक हा हिशेब बरा, कारण संग्रहालयातून मुलं किती वाजता बाहेर पडतील हे कोणी सांगू शकत नाही. अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात, पण शनिवार-रविवारची अनेकदा उशिरा. कारण रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात आणि त्यांचं वेळापत्रक आधी ठरावं लागतं. ही कामं निघाली की गाडीऐवजी ‘रेल रिप्लेसमेंट बस’ येते आणि तासाचा प्रवास दोन तासांचा होतो. रविवारी निघण्यापूर्वी शुक्रवारी एकदा वेळापत्रक पुन्हा पाहावं. नाताळच्या दिवशी रेल्वे पूर्ण बंद असते, दुसऱ्या दिवशी जवळजवळ बंद. गाडीच उशिरा पोचली तर २८ दिवसांच्या आत ‘डिले रिपे’चा अर्ज करावा. तासाभराहून जास्त उशीर झाल्यास एकेरी तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. आपल्या माणसांना हा अर्ज करायचा संकोच का वाटतो कळत नाही. हक्काचे पैसे आहेत.

लंडनच्या भुयारी रेल्वेत अकरा वर्षांखालची चार मुलं एका मोठ्याबरोबर फुकट जातात. मोठ्यांना मात्र प्रत्येकी स्वतंत्र कार्ड लागतं, आणि आत जाताना फोन व बाहेर पडताना तेच कार्ड प्लास्टिकचं टेकवलं तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. मग दोन अर्धवट प्रवासांचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

आता उजेड. डिसेंबरात लंडनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. आपल्याला वर्षभर सहा-सातच्या संध्याकाळची सवय, त्यामुळे हिवाळ्यात ‘जेवून निघू’ म्हणणारा माणूस अंधारात पोचतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळही तासाने सरकतं. त्यातून ठिकाण बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी. स्टोनहेंजला शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या दोन तास आधी असतो, कारण तिकीट खिडकी आणि दगड यांत सुमारे दोन किलोमीटर अंतर आहे. तिथून शटल बस नेते. शिवाय दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरूनच फिरावं लागतं, हे मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं. सॉल्झबरी स्टेशनवरून बस मिळते. गावातच १२३ मीटर उंच मनोऱ्याचं कॅथीड्रल आणि त्यात १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेची प्रत आहे, तेव्हा दिवस तसा वाया जात नाही.

अशी तीन-चार ठिकाणं पाहायची असतील तर ‘इंग्लिश हेरिटेज’ किंवा ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेचं वार्षिक सभासदत्व घ्यावं. पहिल्यात एका सभासदाबरोबर सहा मुलांपर्यंत प्रवेश फुकट. दुसऱ्यात ट्रस्टच्या बहुतेक ठिकाणी पार्किंगही त्यातच. स्टोनहेंजला दोन्ही चालतात. विंडसर कॅसल मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो, तरी त्या दिवशी फाटकापाशी बॅगा घेऊन उभी राहिलेली कुटुंबं दिसतातच. तिथलं तिकीट थेट व्यवस्थापनाकडून घेतलं असेल तर निघण्यापूर्वी ते वर्षभराच्या पासात बदलून घेता येतं. दलालाकडून घेतलेल्याला ही सोय नाही.

सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते भरती-ओहोटीबद्दल. कोकणातल्या माणसाला उधाणाची आणि भांगाची भरती शिकवायला नको, पण इथल्या समुद्राचं माप वेगळं आहे. मुंबईला पाच मीटरच्या आसपास भरती आली की बातमी होते. ब्रिस्टलच्या खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. त्याच किनाऱ्यावरच्या वेस्टन-सुपर-मेअरला ओहोटीत पाणी इतकं दूर जातं की मुलं त्याच्या मागे धावतात. पण वाळू संपून पुढे गाळ लागतो. त्यात पाय रुतला की ओढून निघत नाही, आणि वर पाणी परतत असतं. कोरड्या वाळूपलीकडे जाऊच नये. पोहायचं तर लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

नॉर्थम्बरलँडमधलं लिंडिसफार्न बेट दिवसातून दोनदा मुख्य भूमीपासून तुटतं. गाडीरस्ताच पाण्याखाली जातो. ‘सुरक्षित वेळां’चा तक्ता आधीच जाहीर होतो आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना लावलेला असतो. तरी दर वर्षी गाड्या अडकतात, आणि कारण दर वेळी तेच असतं. समोरचा रस्ता कोरडा दिसतो, म्हणून माणूस तक्त्यातल्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी घालतो. वाटेतल्या पुलाजवळचा सखल भाग आधी बुडतो आणि तो टोकावरून दिसत नाही. वारा किनाऱ्याकडे असेल तर पाणी तक्त्याच्याही आधी चढतं. मागे फिरायला जागा उरत नाही. वाटेत खांबांवर उभारलेली एक निवाऱ्याची खोली आहे. तिथे चढून बसायचं आणि गाडी समुद्रात सोडायची. खारं पाणी शिरलेली गाडी सहसा पुन्हा कामाची राहत नाही. तेव्हा आधी तक्ता पाहून मग राहण्याचं बुकिंग करावं. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या शनिवारी कुणाला जमलेली वेळ या शनिवारी जमत नाही. बेटावरच्या बसचं वेळापत्रकही भरतीप्रमाणेच बदलतं. कॉर्नवॉलच्या सेंट मायकल्स माउंटला चालत जातानाही हाच नियम, फक्त तिथे पाणी आलं की होडी मिळू शकते.

दक्षिण किनाऱ्यावरचे सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे खडूसारख्या ठिसूळ दगडाचे आहेत. खालून लाट पोखरते आणि वर गवताचा तुकडा हवेत लोंबत राहतो. फोटोसाठी कडेला उभ्या राहिलेल्याला आपण नुसत्या गवतावर उभे आहोत हे कळत नाही. चांगला फोटो तसाही लांबून, सीफर्डच्या बाजूने येतो.

डोंगरांचं थोडक्यात. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटर, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे बुटकं. सह्याद्री पायाखाली घातलेले लोक म्हणूनच त्याला हलकं घेतात. पण तिथे शिड्या नाहीत, वर नुसते धोंडे आहेत आणि धुकं उतरलं की वाट दिसत नाही. त्याच परिसरातल्या सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून बराच जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथला बारा महिने पुरवतात. छत्री वाऱ्यात उलटते, जलरोधक जाकीट घ्यावं. मुलांसाठी केझिकजवळचं ४५१ मीटरचं कॅटबेल्स बरं, माथ्याजवळ थोडे खडक चढावे लागतात एवढंच. अडचण आली तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं.

गाडी चालवणार असाल तर भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतो. नंतर तोच दाखवून गाडी चालवणं म्हणजे विम्याशिवाय चालवणं. परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून शिकाऊ परवान्याचा अर्ज पहिल्या वर्षातच करावा. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला वेगळं आसन कायद्याने लागतं. डार्टफर्डला टेम्स नदी ओलांडताना खालापूरसारखा टोलनाका लागत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत पैसे आपणच ऑनलाइन भरायचे. नवख्यांना दंडाचं पत्र येतं ते इथलंच. रात्री दहा ते सकाळी सहा मात्र फुकट. कॅमेरे लावलेल्या खासगी पार्किंगमध्ये वेळ फाटकातून आत शिरल्यापासून मोजतात, जागा सापडल्यापासून नव्हे.

खाण्याचंही वेळेवरच अडतं. खेड्यातल्या अनेक पबांचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळीच उघडतं. मोठी दुकानं रविवारी कायद्याने सहाच तास उघडी असतात. डब्यात दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या असलेल्या बऱ्या. ‘वायएचए’ (यूथ हॉस्टेल असोसिएशन) या संस्थेच्या वसतिगृहांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोली मिळते आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर वापरता येतं, मूगडाळ-तांदूळ नेले की संध्याकाळ निभावते. शाकाहाऱ्यांनी एक विचारून घ्यावं : यॉर्कशरकडच्या अनेक दुकानांत बटाट्याच्या चिप्स गाईच्या चरबीत तळतात. मुलांच्या जेली गोळ्यांत जिलेटिन असतं, वूस्टरशर सॉसमध्ये मासा.

भारतातून आलेले आजी-आजोबा साठीपुढचे असतील तर पासपोर्ट दाखवून त्यांनाही सीनियर रेलकार्ड मिळतं. लंडनमध्ये त्यांना भुयारी रेल्वेपेक्षा बसनेच न्यावं. जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवरच जिन्याशिवाय जाता येतं. त्यांचा प्रवास विमा आवश्यक आहे. अपघात विभागातले उपचार सगळ्यांना फुकट असले, तरी पुढे वॉर्डात दाखल केल्याचं बिल पाहुण्याला येतं.

त्यांना दाखवण्यासारखं आपलं लंडनही आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं आणि आता तिथे संग्रहालय आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मैडा व्हेलच्या १०, हाउली प्लेसमध्ये राहत, आणि सावरकरांचं ‘इंडिया हाउस’ म्हणजे हायगेटचं ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू. या दोन्ही घरांवर पाट्या आहेत, पण घरं खासगी आहेत. रस्त्यावरूनच वाचावं, दार वाजवू नये. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वाघनखं शोधत जाणाऱ्यांनी जरा थांबावं. ती २०२४ च्या जुलैपासून तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रातच आहेत.

संपादक महोदय, पुढच्या वेळी लिंडिसफार्नचा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ भरतीच्या तक्त्याचीही द्यावी, ही विनंती.

आपले,
दोन वाचक, रेडिंग (इंग्लंड)